खाडा

बाणेरला सहाव्या मजल्यावर मी किंमत ठरवतो.
गेम मी बनवत नाही, गेम बनवायचं अवजारही नाही.
ते बनवणारे पलीकडच्या काचेआड, हेडफोन लावून.
माझ्याकडे फक्त तीन रकाने:
फुकट. निर्माता. स्टुडिओ.
मधल्याच्या कपाळावर केशरी पट्टी, ‘सर्वाधिक पसंती’.
ती मी लावली तेव्हा
एकानंही तो घेतलेला नव्हता.

हजार लिहायचे नाहीत, नऊशे नव्व्याण्णव लिहायचे,
हे तुळशीबागेतल्या क्लिपवाल्यालाही कळतं.
फुकटाला कुंपण कुठे घालायचं, खरी मेख तिथे.
माणूस रंगात यायला हवा,
त्याचं चित्र पळायला लागायला हवं, उड्या मारायला,
शेजारच्याला हाक मारून दाखवावंसं वाटायला हवं,
आणि नेमकं तिथेच कुलूप.
आम्ही पुष्कळ मोजलं.
चौथ्या लेव्हलच्या दारात हात खिशाकडे जातो.

जेवायला मात्र नारायण पेठेत, खळदकर काकूंची मेस.
महिना तीन हजार दोनशे. भिंतीवर पाटी:
‘खाडा आदल्या दिवशी सांगावा.
ऐन वेळी सांगितलेला खाडा हा खाडा नव्हे.’

डबे पोचवणारा प्रज्योत पासलकर, वेल्ह्याचा.
ताटं उचलून झाली की कोपऱ्यातल्या टेबलावर
काकूंच्या मुलाचा जुना लॅपटॉप उघडून बसतो.
त्याच्या गेमचं नाव ‘डबा’.
स्कूटरवर पोरगा, हँडलला चार डबे,
पेठेतले एकेरी रस्ते, रातोरात उगवलेले मांडवाचे खांब.
आमटी सांडली की एक जीव कमी.
आणि वर उजवीकडे आमचा लोगो, पुसता न येणारा,
आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरावं तसा.

‘दादा, तुम्ही कॉम्प्युटरमधले ना?
हे चौथ्याला अडतंय. माझं काही चुकलं का?’
मी म्हणालो, पाहतो.
आणि भात परत मागितला.
‘कोड लागत नाही असं लिहिलंय,’ भात वाढता वाढता तो म्हणाला,
‘मग काय लागतं?’

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी बोलून बसलो:
ज्या महिन्यात कुणी उघडलंच नाही
त्याचे पैसे वळते करू. खाडा धरू.
शर्वाणी देवस्थळीनं शांतपणे तक्ता पडद्यावर आणला.
‘हा जाड पट्टा बघ. कार्ड जोडलं आणि विसरले.
वर्षभर फिरकलेले नाहीत.
तुझा पगार यांच्यातून निघतो.’
कुणी हसलं नाही.
कुणीतरी उठून एसी कमी केला.

काकूंच्या वहीत माझे त्या महिन्याचे खाडे तीन.
तीनशे वीस परत.
वीस सुट्टे नव्हते, म्हणून वाटीभर शिकरण.

पंधरा दिवसांनी आलेखानं जरा मान वर केली.
पिनकोड एकच, नवी खाती पाच:
डबाएक, डबादोन, डबातीन, डबाचार, डबापाच.
शर्वाणीचा सगळ्यांना निरोप: पेठांत आपण रुजतोय!

मी पहिली लिंक उघडली.
तीन लेव्हल संपल्यावर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं:
‘पुढचा रस्ता दुसऱ्या गल्लीतून. लिंक खाली दिली आहे.
आमटी सांभाळा.’
असा गल्ली बदलत बदलत गेलो रात्री दीडपर्यंत.
तेराव्या लेव्हलला बाणेर. काचेची इमारत, लिफ्ट बंद.
सहाव्या मजल्यावर चष्मा लावलेला एक माणूस.
त्याला काहीही विचारा, तो ‘पाहतो’ म्हणतो
आणि भात परत मागतो.
माझा शेवटचा जीव तिथे गेला.

एकाच माणसाची अनेक खाती आढळली
तर त्याच दिवशी कळवायचं, असा नियम आहे.
नियम माझाच, मसुदाही माझा.
त्या दिवशी मी खाडा केला.
आदल्या दिवशी न सांगता.